संगणकातली लाट मागे का पडते?



"सर, हा साइनचा तक्ता पुढे कुठे लागतो?" दहावीच्या वर्गात हा प्रश्न दरवर्षी येतोच. आज त्याचं एक उत्तर बघूया. कॅल्क्युलेटर जवळ घ्या, नुसतं वाचण्यात मजा नाही.

१९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याजवळ ८.० तीव्रतेचा भूकंप झाला. तिथून सुमारे ३५० किलोमीटर दूर असलेल्या मेक्सिको सिटीत हजारो माणसं दगावली. शहराचा बराच भाग जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर उभा आहे. साधारण दोन सेकंदांना एक हेलकावा देणाऱ्या लहरी त्या गाळात वाढल्या आणि मध्यम उंचीच्या इमारती त्याच तालावर हलत राहिल्या. अशा ठिकाणी पुढचा भूकंप काय करील, हे आधी समजायला हवं तर लहर संगणकात चालवून पाहावी लागते.

संगणकाला मात्र अखंड रेघ कळत नाही. आपण ठरावीक अंतरावर बिंदू मांडायचे आणि प्रत्येक बिंदूचं त्वरण काढायचं. लहरीचा नियम असा: त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग गुणिले त्या जागचा बाक. बाक काढायला शेजारी विचारायचे. डावा अधिक उजवा, वजा स्वतःची दुप्पट, भागिले अंतराचा वर्ग.

आता करून बघा. एका तरंगलांबीत १० बिंदू, म्हणजे दोन बिंदूंत ३६ अंश, रेडियनमध्ये ०.६२८३. लहरीच्या माथ्यावर, ९० अंशांवर, उंची १. शेजारी ५४ आणि १२६ अंशांवर, दोघांची उंची ०.८०९०. बेरीज १.६१८०, वजा २, म्हणजे −०.३८२०. त्याला ०.३९४८ ने भागा. उत्तर −०.९६७५. खरं उत्तर आहे −१.

एवढ्याशा चुकीने काय होतं? वेग बाकाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणून संगणकातली लाट सुमारे १.६ टक्के हळू चालते. (इथे वेळेच्या पायऱ्या अगदी बारीक धरल्या आहेत.) खडकात लहरीचा वेग सेकंदाला ३.५ किलोमीटर धरला, तर दोन सेकंदांची लहर ७ किलोमीटर लांब. ३० लहरी गेल्या, म्हणजे २१० किलोमीटरवर, ती अर्धी लहर मागे पडते. जिथे माथा हवा तिथे खळगा! दोन बाजूंनी आलेल्या लहरी खरं तर एकमेकींना वाढवणार होत्या, संगणक सांगतो की त्या मिटल्या. चूक मोठी नाही हो, पण ती वाटेत साठत जाते.

उपाय एक: बिंदू वाढवा. ही चूक ०.०८ टक्क्यांवर आणायला १० च्या जागी सुमारे ४४ बिंदू लागतात. तिन्ही दिशांना ४.४ पट, शिवाय वेळेच्या पायऱ्याही तितक्याच बारीक. एकूण काम जवळजवळ ३७५ पट.

उपाय दोन मला फार आवडतो. पलीकडच्या शेजाऱ्यांनाही विचारा. १८ आणि १६२ अंशांवर उंची ०.३०९०. अंतर दुप्पट, म्हणून भाजक चौपट, १.५७९१. उत्तर येतं −०.८७५. हे तर आणखी वाईट! पण नीट बघा: ही चूक पहिल्या चुकीच्या जवळपास चौपट आहे. म्हणजे जवळच्या उत्तराची चौपट घ्या, त्यातून लांबचं वजा करा, ३ ने भागा. चुकीचा मोठा भाग उडून जातो आणि उरतं −०.९९८. आता वेगातली चूक ०.०८ टक्के, तीही त्याच १० बिंदूंवर. एका बिंदूमागे हिशेब साधारण दुप्पट, बस. यालाच चौथ्या कोटीची पद्धत म्हणतात.

मात्र ही युक्ती लहर गुळगुळीत असेल तिथेच फळते. खडक संपून गाळ सुरू होतो त्या सीमेवर दोन्हीकडचे शेजारी एका जातीचे राहत नाहीत. गाळात वेग सेकंदाला १०० मीटरच्याही खाली जातो, तीच लहर २०० मीटरपेक्षा आखूड होते. म्हणून जाळी सीमेप्रमाणे तुकड्यांत पाडून प्रत्येक तुकड्यात उच्च कोटीचं गणित करतात. कोमातिच आणि विलोत यांनी १९९८ मध्ये भूकंप-लहरींसाठी मांडलेली 'स्पेक्ट्रल एलिमेंट' पद्धत याच जातीची.

वर्गात मुलांना ३६ ऐवजी १८ अंश देऊन पहिलं गणित परत करायला सांगा. चूक ०.०३२५ वरून ०.००८२ वर, म्हणजे चौथाईवर यायला हवी. मग चौथ्या कोटीचं करू द्या, तिथे ती सुमारे पंधरा पट घटते. भलतंच काही आलं, तर आधी कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे ना ते बघा!