इंग्रजीचा प्रकल्प कोणाच्या घरी तयार होतो?

२००० साली महाराष्ट्र सरकारने मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू केला. त्याआधी तो पाचवीपासून होता. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. 'आता मराठी बुडणार' म्हणून त्यावेळी मोठी ओरड झाली. ओरडणाऱ्यांत स्वतःची मुले केव्हाच इंग्रजी माध्यमात घातलेलेही काही होते. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्याच परंपरेतले हे लोक. दूध आपल्या घरी, उपदेश दुसऱ्याच्या दारी! त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले आज तिशी ओलांडून गेली आहेत. पुस्तक त्यांच्या हाती आले, हे खरे. पण इंग्रजी तोंडात किती आली, याचा हिशेब आपण समाज म्हणून कधी मांडला नाही.

हा हिशेब का चुकला ते पाहायचे असेल तर पहिली-दुसरीच्या वर्गातला इंग्रजीचा 'प्रकल्प' पाहावा. वर्गाच्या भिंतीवर चार्टपेपर लटकलेले असतात. फळे, भाज्या, प्राणी, वाहने. चित्रे दुकानातून विकत आणून चिकटवलेली, खालचे अक्षर मोठ्या बहिणीचे नाहीतर शेजारच्या कॉलेजातल्या मुलाचे. ज्याच्या नावाने हा कागद लटकतो, त्या सहा वर्षांच्या मुलाने त्यात एक शब्दही उच्चारलेला नसतो. ज्या घरात आईबाप दोघे मजुरीला जातात, तिथे रविवारी रात्री 'उद्या प्रोजेक्ट द्यायचा आहे' एवढ्या एका वाक्याने भांडण पेटते. कागद, गोंद, स्केचपेन, चित्रांचे छापील पान यात दिवसाच्या मजुरीतला चांगला तुकडा जातो. आणि ज्याचा चार्ट आला नाही ते मूल सोमवारी मागच्या रांगेत तोंड लपवून बसते.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम ३(२) नुसार, शिक्षण घेण्यात व पूर्ण करण्यात आड येईल असे कोणतेही शुल्क किंवा खर्च मुलावर लादता येत नाही. चार्टपेपर त्यात बसतो काय, यावर आम्ही वकील मंडळी कोर्टात दोन दिवस वाद घालू शकतो! परंतु कलम २९(२) मध्ये वादाला जागा नाही. शिकणे कृतीतून, शोधातून व्हावे, ते बालकेंद्री असावे, मूल भीतीतून मुक्त व्हावे आणि त्याला आपले म्हणणे मोकळेपणाने मांडता यावे, असे तिथे लिहिलेले आहे. म्हणजे प्रकल्प हा गुरुजींचा लहरी उपक्रम नाही, तो कायद्याच्या भाषेतच बसलेला आहे. प्रश्न एवढाच की प्रकल्प म्हणायचे कशाला.

माझ्या मते, ज्यात मुलाला इंग्रजी बोलावीच लागते आणि जो दप्तर घेऊन घरी जात नाही, तोच लहान मुलांचा प्रकल्प. बाकी सगळी सजावट.

एक उदाहरण घ्या. वर्गात पंचवीस मुले आहेत. बाईंनी एकच प्रश्न शिकवला, 'डू यू लाइक मँगो?' आणि दोन उत्तरे, 'येस, आय डू' आणि 'नो, आय डोन्ट'. मग प्रत्येकाने एक फळ निवडायचे, वर्गभर फिरायचे आणि दहा जणांना विचारायचे. 'हो' म्हणणाऱ्यासाठी खिशात एक चिंचोका टाकायचा. शेवटी जमिनीवर खडूने रकाने आखून फळावार चिंचोके मांडायचे. कोणाची रांग लांब? 'सेव्हन चिल्ड्रन लाइक मँगो.' एका तासात तो प्रश्न वर्गात अडीचशे वेळा विचारला गेला आणि अडीचशे वेळा त्याला उत्तर मिळाले. एवढी घोकंपट्टी छडी घेऊनही करून घेता येणार नाही, आणि इथे एकाही मुलाला ती घोकंपट्टी वाटली नाही. कारण त्याला उत्तर खरोखरच हवे होते. खर्च शून्य. 'डू' सोडून कोणी नुसते 'यू लाइक मँगो?' म्हटले तर बाईंनी बरोबर वाक्य एकदा सहज म्हणावे आणि पुढे जावे. सहाव्या वर्षी चूक मोजायची नसते.

दुसरे म्हणजे घरातला कचरा. साबणाचे, चहाचे, बिस्किटाचे, मिठाचे रिकामे वेष्टन झोपडीतही असते, आणि त्यावर 'सोप', 'टी', 'सॉल्ट' असे छापलेले असते. आपले मूल निरक्षर वातावरणातून आले आहे असे म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही. ही वेष्टने जमवून वर्गात दुकान मांडा. एक दुकानदार, बाकीचे गिऱ्हाईक. 'हाऊ मच इज धिस?' 'टेन रुपीज.' आठवडाभर दुकानदार बदलत राहावा.

तिसरे, एका कोऱ्या कागदाचे पुस्तक. कागद तीनदा दुमडून आठ चौकटी पाडायच्या, मधे एक काप द्यायचा आणि घडी घालायची, की आठ पानांचे छोटे पुस्तक तयार. पानापानावर चित्र आणि 'आय कॅन' ने सुरू होणारे एक वाक्य. आय कॅन रन. आय कॅन क्लाइम्ब अ ट्री. आय कॅन मेक भाकरी. इथे 'भाकरी' खोडून 'ब्रेड' लिहिणाऱ्या शिक्षकाला हात जोडून सांगावे की भाकरी म्हणजे ब्रेड नव्हे. (पावसाला निघून जा म्हणणारे इंग्रजी बालगीत आपण मराठवाड्यातल्या दुष्काळी गावांत टाळ्या वाजवून म्हणायला लावतो, तेवढे पुरे झाले.)

आता जिथे खरी मेख आहे तिथे येऊ. 'माय फॅमिली' आणि 'माय व्हिलेज' हे दोन प्रकल्प बहुतेक शाळांत होतात. 'माय फादर इज अ...' आणि पुढे रिकामी जागा. शेजारच्या तक्त्यावर चित्रे कोणाची? डॉक्टर, इंजिनिअर, टीचर, पोलीस. ऊसतोडणीला जाणाऱ्याचे, घंटागाडीवर काम करणाऱ्याचे, गवंड्याच्या हाताखाली काम करणारीचे मूल या रिकाम्या जागेत काय भरणार? ते खोटे लिहिते. इंग्रजीचे पहिलेच वाक्य खोटे! आणि खरे सांगितले तर वर्गात कोणीतरी हसते, कारण आपल्या देशात धंदा विचारणे म्हणजे पुष्कळदा जात विचारणेच असते. मी एका खेड्यातल्या शाळेत 'माय व्हिलेज' चा नकाशा पाहिला. मंदिर होते, पाण्याची टाकी होती, ग्रामपंचायत होती. रस्त्यापलीकडची बौद्धवस्ती नव्हती. नकाशा मुलांनी काढला होता, त्यात वस्तीतलीही मुले होती. आपले घर 'व्हिलेज' मध्ये येत नाही, हे त्यांना कोणी न सांगता कळले होते.

हे प्रकल्प बंद करा असे मी म्हणत नाही. प्रश्न बदला. बाप काय 'आहे' हे विचारू नका, घरातले कोणीही एक माणूस मुलाने निवडावे आणि त्याला काय येते ते सांगावे. 'माय मदर कॅन ड्राइव्ह अ बुलककार्ट.' 'माय ग्रँडफादर कॅन बिल्ड अ वॉल.' ज्याला बाप नाही तेही मूल यात अडत नाही. आणि नकाशा कागदावर काढण्याआधी वर्गाने गावभर पायी फिरावे, वस्तीतून जावे, विहारापाशी थांबावे. 'धिस इज अ विहार. धिस इज अ वेल.' पाय जिथे गेले ते नकाशातून गळत नाही.

वर्गात मराठी अजिबात नको, हा एक खुळा हट्ट इंग्रजी शाळांकडून मराठी शाळांतही शिरला आहे. खेळाचे नियम मराठीत सांगितल्याशिवाय मूल खेळ कसा खेळेल? बाबासाहेबांच्या शिक्षणात सुभेदार रामजींनी इंग्रजीचा पाया पक्का करून घेतला तो तर्खडकर भाषांतर पाठमालेवर, म्हणजे मराठीला धरूनच. पाठांतराची ती रीत मोठ्या मुलासाठी होती, सहा वर्षांच्या मुलासाठी ती नाही, एवढा फरक ध्यानात ठेवावा.

पालकांनी नुसती तक्रार करू नये. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या महिला असतात, आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. विनाअनुदानित खाजगी शाळांना ही समिती सक्तीची नाही, जिल्हा परिषदेच्या व अनुदानित शाळांना आहे. पुढच्या बैठकीत दोन गोष्टी लेखी द्या. पहिली ते चौथीचा इंग्रजीचा प्रकल्प शाळेच्या वेळेत, शाळेच्या साहित्यात व्हावा. आणि त्यासाठी पालकांना काहीही विकत आणायला सांगू नये. अर्जाची पोच घ्या, आणि त्याची नोंद इतिवृत्तात झाली की नाही हे सही करण्याआधी वाचून पाहा.