अंबरपेठेतला बदललेला सायलेन्सर

हैदराबादमधल्या अंबरपेठेतून वरंगलकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन्ही अंगांनी दाट वस्ती आहे आणि शेजारच्या नल्लाकुंट्यात फीवर हॉस्पिटल. रात्री इथून फाटक्या आवाजाची मोटार गेली की तान्ही मुलं दचकून उठतात.

मूळ सायलेन्सरच्या डब्यात कप्पे आणि भोकं पाडलेल्या नळ्या असतात. इंजिनातून धडकणाऱ्या ध्वनिलहरी त्यात एकमेकींवर आदळून विरतात. हौसेखातर तो काढून सरळ नळी बसवली की हे सगळं थांबतं; सोबत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही काढला तर विषारी धूरही वाढतो. आवाज १० डेसिबलने चढला की ध्वनिऊर्जा दहापट होते, म्हणून आकडा लहान दिसला तरी कान दुखतात.

वस्तीत कायद्याने दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. नवी मोटार कारखान्यातून निघते ती साधारण ७४ डेसिबलच्या चाचणीत उतरूनच. केंद्रीय मोटार वाहन नियम १२० प्रमाणे सायलेन्सर सक्तीचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने परवाना रद्द होऊ शकतो. पीयूसी हातात आहे म्हणून निर्धास्त राहू नका; त्या तपासणीत धूर मोजतात, आवाज नाही.

जुनी गाडी घेताना मेकॅनिकला खाली वाकून नळी पाहायला सांगा, आणि बदललेली असेल तर कंपनीचा सायलेन्सर बसवूनच रस्त्यावर काढा.