मधमाशीचा दंश व घरांतील पहिला उपचार

अंगणांत खेळणारें मूल एकाएकीं रडत घरांत येतें, बोट पुढें करतें, आणि घरांत एकच धांदल उडते. कोणी चुना शोधतें, कोणी कांदा चिरतें, कोणी लोखंडी किल्ली घासावयास घेतें. या धांदलींत जें सर्वांआधीं करावयाचें तेंच नेमकें राहून जातें. म्हणून याविषयीं चार शब्द आमच्या वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

कामकरी मधमाशीच्या नांगीस करवतीप्रमाणें उलटे दांते असतात. ती कातडींत रुतली कीं परत निघत नाहीं. माशी उडूं लागतांच नांगी विषाच्या पिशवीसह तुटून तेथेंच राहते. त्या पिशवीचे स्नायू माशीवांचूनही हालत राहून विष आंत ढकलीत असतात, व तें काम अर्ध्याएक मिनिटांत बहुतेक आटोपतें. आपणांस मिळणारा अवधि तेवढाच.

चिमटींत धरल्यानें पिशवी दाबली जाते, सबब नांगी खरवडूनच काढावी, असें पूर्वीं सांगत असत. १९९६ सालीं कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं हें प्रत्यक्ष अजमावून पाहिलें. नांगी कशीही काढली तरी फरक पडत नाहीं. फरक पडतो तो विलंबानें, असें त्यांस आढळलें. तेव्हां साधन शोधण्यास न धांवतां नखानेंच ती तत्काळ काढावी. गांधीलमाशी मात्र नांगी मागें ठेवीत नाहीं.

दंशाच्या वासानें इतर माशाही चवताळतात. म्हणून तेथून लगेच दूर व्हावें. नंतर जागा साबणानें धुवावी, बोटांतील अंगठी व हातांतील बांगड्या सूज येण्यापूर्वींच उतरवाव्या, आणि फडक्यांत गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटें ठेवावा. विष कातडीखालीं गेलेलें असतें. वरून लावलेला चुना वा सोडा तेथवर पोंचत नाहीं, उलट चुन्यानें कातडी मात्र भाजते. सूज व खाज एकदोन दिवस वाढली तरी ती दंशाच्या आसपासच असेल तर सहसा भिण्याचें कारण नसतें.

येथवर घरचें काम झालें. परंतु जपावयाचें तें यापुढेंच. पहिला अर्धा-एक तास मुलास एकटें सोडूं नये. दंश एकीकडे व अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणें, आवाज घोगरा होणें, धाप, वांती, घेरी, यांपैकीं कांहीं दिसल्यास घरगुती उपचारांत क्षणही दवडूं नये. त्यावर पहिलें औषध म्हणजे मांडींत टोंचावयाचें अॅड्रिनलिन. १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी व ती येईपर्यंत रोग्यास निजवून ठेवावें. श्वास कोंडत असल्यास टेंकून बसूं द्यावें. तोंडांत वा घशांत दंश झाला, किंवा पुष्कळ माशा डसल्या, तरीही रुग्णालयच गांठावें.

‘मागें डसली होती, तेव्हां कांहीं झालें नव्हतें,’ असें म्हणून कित्येक निर्धास्त राहतात. १९०२ सालीं फ्रान्समध्यें रिशे व पोर्तिए यांनीं समुद्रपुष्पाच्या विषाचा प्रयोग कुत्र्यांवर केला. पहिली मात्रा ज्यांनीं सोसली त्यांपैकीं कांहीं, कांहीं आठवड्यांनीं दिलेल्या अगदीं अल्प मात्रेनें मरण पावले. या शोधाबद्दल रिशे यांस १९१३ चें नोबेल पारितोषिक मिळालें. मधमाशीच्या विषाचेंही असेंच आहे. पहिल्या दंशानें शरीर कधीं सरावतें, कधीं उलट बिथरून बसतें. तें बाहेरून कळत नाहीं.

यास्तव पहिलें अर्धें मिनिट नांगीसाठीं व पुढचा तास मुलाजवळ बसण्यासाठीं, एवढें जरी घरांतील प्रत्येकानें ध्यानांत ठेविलें, तरी आमच्या या लेखाचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.