सुट्या पानाची ओळख

जुन्या पोथीची पाने शिवलेली नसत. म्हणून लिहिणारा प्रत्येक पानाच्या समासात ग्रंथाचे नाव आखडून लिही व पानाचा आकडा घाली. पाने विस्कटली, तरी कोणते पान कोणत्या पोथीचे, हे त्या दोन खुणांवरून कळे. आपल्या बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरातील हस्तलिखिते ज्यांनी पाहिली असतील, त्यांस हे सांगावयास नको.

'ईपब' जातीचे ई-पुस्तक हेही एक गाठोडेच असते. आत बहुधा प्रकरणागणिक एचटीएमएलची निराळी फाईल, आणि साऱ्या ग्रंथाचे नाव, कर्ता, भाषा सांगणारी 'ओपीएफ' ही एक फाईल. वाचनयंत्रे हीच पाहतात, म्हणून पुस्तक करणारेही तेवढ्यावर थांबतात. पण कोणी यमनाचे प्रकरण तेवढे काढून मित्रास धाडले, की ते निनावी झाले! मी गाणे शिकवतो. फोनवर आलेल्या अशा बेवारस चिजा विद्यार्थी नेहमी दाखवतात. रचना कोणाची, हे कोणासच ठाऊक नसते.

यास उपाय सोपा आहे. प्रत्येक एचटीएमएल फाईलला 'हेड' म्हणून एक माथा असतो. त्यातील मजकूर पानावर दिसत नाही, पण फाईलबरोबर जातो. तेथे 'टायटल'मध्ये प्रकरणाचे व ग्रंथाचे नाव, आणि 'मेटा' खुणांत कर्ता, प्रकाशक व वर्ष लिहावे. या नोंदींसाठी १९९५ साली अमेरिकेतील डब्लिन गावच्या बैठकीतून निघालेली 'डब्लिन कोअर' ही नावांची यादी आहे, ती वापरावी.

भाषाही सांगावी. आरंभीच्या 'एचटीएमएल' खुणेतच 'लँग'पुढे मराठीची 'एमआर' ही दोन अक्षरे घालावयाची. लिपी हिंदीचीही तीच. खूण नसली तर मोठ्याने वाचणारे यंत्र मराठी मजकूर हिंदीच्या उच्चाराने वाचू शकते. 'चार' आणि 'चाक' यांतील 'च' एकच झाला, तर दृष्टी अधू झालेल्या आजोबांनी काय ऐकावे?

यात काम वाढते खरे. नाव दुरुस्त केले तर ओपीएफ व माथा, दोन्हीकडे करावे लागते. शिवाय मजकूर उचलून दुसरीकडे चिकटविला की माथा मागेच राहतो. तेव्हा बंदिशीखाली रचनाकाराचे नाव डोळ्यांना दिसेल असेही द्यावे.

बडोद्यात १८८६ साली मौलाबक्षांनी गायनशाळा काढली. तेव्हापासून येथील कितीतरी घरांत चिजांच्या वह्या साठल्या आहेत. त्यांची ई-पुस्तके करावयास घेणाऱ्या तरुणांनी पहिल्या प्रकरणापासूनच ही नावे घालीत जावे. पुढे शोधावयास कोणी उरत नाही.