घरातील कार्यालय आणि दुसरा पडदा

शीव म्हणजे सीमा. मुंबई बेटाची उत्तर हद्द येथे संपत असे आणि पलीकडे साष्टी सुरू होई. सतराव्या शतकात गव्हर्नर जेराल्ड आँजिए याच्या कारकीर्दीत येथील टेकडीवर बांधला गेलेला किल्ला आजही त्या सीमेची साक्ष देतो. याच परिसरातील शीव कोळीवाड्यात कोळी समाजाची जुनी वस्ती आहे. फाळणीनंतर आलेल्या पंजाबी निर्वासितांची वसाहतही येथेच उभी राहिली. हार्बर मार्गावरील येथील स्थानक पूर्वी कोळीवाडा या नावाने ओळखले जाई. आज ते गुरु तेगबहादूर नगर होय.

मार्च २०२० मध्ये उपनगरी गाड्या सामान्य प्रवाशांसाठी बंद झाल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. घर आणि कार्यालय यांमधील सीमा एकाएकी पुसली गेली. मुंबईतील लहान घरांत स्वयंपाकाचा ओटा, मुलांचा अभ्यास आणि कार्यालयाचे टेबल ही सर्व एकाच खोलीत आली. टाळेबंदी उठली, तरी घरून काम करण्याची पद्धत अनेक क्षेत्रांत काही प्रमाणात टिकून राहिली. म्हणूनच लॅपटॉपला वेगळा मॉनिटर जोडणे ही साधी वाटणारी बाब नीट समजून घेणे उपयुक्त ठरेल.

मान का अवघडते?

लॅपटॉप प्रवासासाठी घडविलेला आहे. त्याचा पडदा व कळफलक एकमेकांस जखडलेले असतात. हात योग्य उंचीवर ठेवावेत, तर पडदा खाली राहतो आणि मान झुकते. पडदा डोळ्यांसमोर आणावा, तर हात अधांतरी राहतात. माणसाच्या डोक्याचे वजन सुमारे साडेचार ते पाच किलो असते. मान जितकी पुढे झुकेल, तितका तिच्या स्नायूंवरील ताण वाढतो. वेगळा मॉनिटर ही जखडण सोडवितो. शिवाय त्याच प्रमाणातील १४ इंची पडद्याच्या तुलनेत २४ इंची पडद्याचे क्षेत्रफळ जवळजवळ तिप्पट असते. त्यामुळे पत्र आणि त्यासंबंधीचा तक्ता शेजारी शेजारी ठेवून वाचता येतात.

जोडणीचे प्रकार

खरेदीपूर्वी लॅपटॉप व मॉनिटर या दोहोंवरील जोडण्या पाहाव्यात. १९८७ पासून प्रचारात आलेली व्हीजीए जोडणी पंधरा टाचण्यांची, बहुधा निळ्या रंगाची असते. ती केवळ चित्र वाहून नेते. २००२ मध्ये आलेली एचडीएमआय जोडणी चित्र व ध्वनी दोन्ही एकाच केबलमधून नेते. टीव्ही संचांवरही हीच जोडणी आढळते. डिस्प्लेपोर्ट ही संगणकांसाठी विकसित झालेली तिसरी पद्धत होय.

नव्या लॅपटॉपवर लहान, लंबगोल यूएसबी टाइप-सी जोडणी असते. मात्र अशी प्रत्येक जोडणी चित्र पाठवितेच असे नाही. काही केवळ विद्युतभारणासाठी व माहितीच्या देवाणघेवाणीसाठी असतात. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात डिस्प्लेपोर्ट किंवा थंडरबोल्ट यांचा उल्लेख आहे काय, हे पाहूनच केबल घ्यावी. एचडीएमआय असलेला लॅपटॉप व्हीजीए असलेल्या जुन्या मॉनिटरला जोडावयाचा असल्यास साधी केबल चालत नाही. संकेताचे रूपांतर करणारा परिवर्तक लागतो आणि त्याची दिशाही योग्य असावी लागते.

जोडल्यानंतर

केबल जोडूनही पडदा काळाच राहिला, तर प्रथम मॉनिटरच्या बटणाने योग्य इनपुट निवडावा. त्यानंतर विंडोज प्रणालीत विंडोज चिन्हाची कळ व ‘पी’ ही कळ एकत्र दाबावी. चार पर्याय दिसतात : केवळ लॅपटॉपचा पडदा, दोन्हींवर तेच चित्र, दोन्ही मिळून एक विस्तारित पडदा आणि केवळ दुसरा पडदा. घरच्या कामास तिसरा पर्याय सर्वांत सोयीचा असतो. वर्गातील शिक्षकांना आणि ग्रामसभेत अंदाजपत्रक दाखविणाऱ्या पंचायत सदस्यांनाही तो उपयोगी आहे. दाखवावयाचा मजकूर मोठ्या पडद्यावर आणि टिपणे स्वतःपुरती लॅपटॉपवर, अशी विभागणी त्यामुळे करता येते. ‘तेच चित्र’ हा पर्याय चालू असेल, तर खासगी पत्रही सर्वांस दिसते, याचे भान ठेवावे.

घरातील टीव्हीही मॉनिटर म्हणून वापरता येतो. मात्र अनेक ३२ इंची संचांवरील बिंदूंची संख्या १३६६ × ७६८ इतकीच असते; त्यामुळे जवळून वाचताना अक्षरे खरखरीत दिसतात. चित्रफीत दूरून पाहण्यास तो उत्तम. दिवसभराच्या टंकलेखनास नव्हे.

मांडणी व सुरक्षितता

मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर किंवा किंचित खाली असावी आणि अंतर सुमारे एक हात ठेवावे. खिडकी पडद्याच्या समोर किंवा मागे नसून बाजूस असावी. जागा नसल्यास लॅपटॉप पुस्तकांच्या चळतीवर ठेवून वेगळा कळफलक घेतला, तरी निम्मे काम साधते. दर २० मिनिटांनी २० सेकंद सुमारे २० फुटांवरील वस्तूकडे पाहिल्यास डोळ्यांस विसावा मिळतो.

जुन्या इमारतींतील एकाच सॉकेटवर इस्त्री, शेगडी व संगणक यांचा भार टाकू नये. भूसंपर्कन असलेला तीन पिनांचा सॉकेट वापरावा. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीपासून तारा दूर ठेवाव्यात आणि केबल चालण्याच्या वाटेत पसरू देऊ नये.

कार्यालयांतून बाजूस पडलेले सुस्थितीतील मॉनिटर नियमानुसार शाळा व पंचायतींच्या उपयोगी पडू शकतात. निकामी झालेले मात्र भंगारात न देता अधिकृत ई-कचरा संकलनाकडेच जावेत. घर आणि कार्यालय यांमधील सीमा पूर्ववत होईल किंवा न होईल. परंतु काम करणाऱ्याची मान आणि दृष्टी शाबूत ठेवणे एका केबलने, चार पुस्तकांनी आणि थोड्या माहितीने साधण्यासारखे आहे.