विश्लेषण : समुद्राच्या पाण्यावरून कळतात मासे! ‘ई-डीएनए’ तंत्र काय आहे?

जाळे न टाकता, एकही मासा न पकडता एखाद्या भागात कोणते मासे आहेत, हे आता पाण्याच्या नमुन्यांवरून सांगता येते. पण समुद्र बदलतोय का, हे कळायला एकदा घेतलेले नमुने पुरत नाहीत. त्यासाठी वर्षानुवर्षांची नोंद लागते. ती का, हे समजून घेऊ या.

ई-डीएनए म्हणजे काय?

मासा जिथून जातो तिथे मागे काहीतरी सोडून जातो. खवल्यांचे कण, अंगावरचा बुळबुळीत स्राव, विष्ठा. या सगळ्यात त्याच्या पेशी असतात आणि पेशींमध्ये डीएनए. पाण्यात, मातीत किंवा हवेत असा विखुरलेला डीएनए म्हणजे ‘एन्व्हायर्न्मेंटल डीएनए’, थोडक्यात ई-डीएनए. समुद्राच्या पाण्यात तो साधारण काही तास ते काही दिवस टिकतो. त्यामुळे आज सापडलेला डीएनए बहुतेक वेळा अलीकडचाच असतो.

तपासणी कशी होते?

एक-दोन लिटर पाणी अतिशय बारीक छिद्रांच्या फिल्टरमधून गाळतात. फिल्टरवर अडकलेला डीएनए प्रयोगशाळेत वेगळा केला जातो. मग त्यातल्या एका ठरावीक तुकड्याच्या पीसीआर पद्धतीने असंख्य प्रती काढतात. करोनाच्या चाचणीत वापरली गेली तीच ही पद्धत. हा तुकडा दुकानातल्या वस्तूवरच्या बारकोडसारखा असतो, बहुतेक प्रजातींमध्ये थोडा थोडा वेगळा. सिक्वेन्सिंग यंत्र तो वाचते आणि संगणक आधीच्या नोंदींशी जुळवून प्रजातीचे नाव सांगतो. माशांसाठीची ‘मायफिश’ ही पद्धत जपानी संशोधक मासाकी मिया आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केली.

निकाल कितपत भरवशाचा?

जपानच्या माइझुरु उपसागरातला एक प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांनी अवघ्या सहा तासांत ४७ ठिकाणचे पाणी गोळा केले. त्यात १२८ प्रजातींच्या माशांचा डीएनए सापडला. याच उपसागरात १४ वर्षे पाण्याखाली उतरून माशांची मोजणी झाली होती. दोन्हीकडे सापडलेल्या प्रजाती ४० होत्या. शिवाय इतक्या वर्षांत न दिसलेल्या किमान २३ स्थानिक प्रजातीही पाण्याच्या नमुन्यांत निघाल्या. उलट, डोळ्यांना दिसलेल्या काही प्रजाती मात्र डीएनएमधून सुटल्या.

चूक कुठे होऊ शकते?

याच उपसागरात जॅक मॅकरेल माशाच्या अभ्यासात मासळी बाजाराजवळच्या पाण्यात डीएनएचे प्रमाण खूप जास्त आढळले. तिथे माशांचे थवे होते असे नाही. बाजारातून डीएनए पाण्यात येत होता. म्हणजे डीएनए सापडला, तर मासा तिथे पोहत होताच असे नाही.

दुसरे म्हणजे, मासा लहान की मोठा, किती वयाचा, हे यातून कळत नाही. संख्येचाही फार तर अंदाज येतो. आणि ज्या प्रजातीचा बारकोड संदर्भसंग्रहात नाही, तिचा डीएनए सापडूनही नाव सांगता येत नाही.

एकदाच तपासून का भागत नाही?

समजा, यंदा एका ठिकाणी बांगड्याचा डीएनए मिळाला नाही. बांगडा तिथून गेला? हंगाम चुकला? प्रवाह वेगळा होता? की नमुन्यातून सुटला? एका निकालावरून हे ठरत नाही. त्याच जागी, त्याच पद्धतीने, वर्षाच्या त्याच काळात पुन्हा पुन्हा पाणी घेतले, तरच खरा बदल आणि योगायोग वेगळे करता येतात.

जुने नमुने जपून काय मिळाले?

याचे उत्तर उत्तर अटलांटिकमध्ये आहे. तिथे १९३१ पासून व्यापारी जहाजांच्या मागे ‘कंटिन्युअस प्लँक्टन रेकॉर्डर’ हे उपकरण ओढले जाते. त्यातल्या रेशमी जाळीवर सूक्ष्म जीव, म्हणजे प्लँक्टन, अडकतात आणि ती जाळी फॉर्मेलिनमध्ये जपून ठेवतात. संशोधकांनी १९५८ ते २०११ या काळातले असे १३३ नमुने काढून त्यातला डीएनए तपासला. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान वाढले तसे ‘व्हिब्रिओ’ जिवाणूंचे प्रमाणही वाढल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले. कॉलऱ्याचा जिवाणू याच गटातला. या जिवाणूंमुळे माणसांना होणाऱ्या संसर्गाशीही संशोधकांनी या वाढीचा संबंध जोडला.

१९५८ मध्ये ज्यांनी ती जाळी बरणीत ठेवली, त्यांच्यापुढे हा प्रश्नच नव्हता. पीसीआरचा शोधही त्यानंतर २५ वर्षांनी, १९८३ मध्ये लागला. नमुना जपून ठेवला होता, म्हणून उत्तर मिळाले.

भारतात काय सुरू आहे?

गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे ‘सिंधू साधना’ जहाज मार्च २०२१ मध्ये विशाखापट्टणमहून निघाले. हिंदी महासागरातल्या सूक्ष्म जीवांची जनुके आणि प्रथिने यांची नोंद करणे, हा त्या मोहिमेचा उद्देश होता.

आपल्या किनाऱ्यावर दरवर्षी पावसाळ्यात मासेमारी बंद असते. समुद्र तापल्याने कोणती मासळी जागा बदलतेय, बंदीनंतर काय बदलते, हे प्रश्न थेट कोळ्यांच्या पोटाशी जोडलेले आहेत. मासळी किती, हे मोजायला बंदरावर उतरणाऱ्या मासळीची मोजणी लागेलच. कोणती मासळी कुठे आणि कधी, हे सांगायला ई-डीएनए मदत करू शकतो. मात्र त्यासाठी पाणी घ्यायला त्याच जागी, पुढच्या वर्षी आणि त्याच्याही पुढच्या वर्षी जावे लागेल.