पोट दुखत नाही, म्हणून आतडे ठीकच असेल?

सोलापूर जिल्हा ज्वारीचा. पण टेंभुर्णीतही मुलांच्या डब्यात आता पोळी-बिस्किटेच जास्त. बहुतेकांना ती मानवतात. सीलिअॅक आजार असलेल्या मुलाला मात्र गव्हातले ग्लूटेन बाधते. गव्हाचा हा दोष हॉलंडच्या डॉ. डिके यांनी १९५० च्या प्रबंधात मांडला.

लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते. ती अन्नातला कस शोषते. ग्लूटेनने ती झिजते. पण भगिनींनो, जुलाब, पोटफुगी नसतानाही ती पार झिजलेली असू शकते! उंची खुंटते, अंगात रक्त भरत नाही, अन् आपण म्हणतो, “अंगकाठीच तशी!” अशा वेळी डॉक्टरांना सीलिअॅकच्या रक्ततपासणीबद्दल विचारा. तपासणीआधी गहू बंद करू नका, नाहीतर तपासणी फसते. आजार निघाल्यास भावंडांनाही तपासून घ्या.

मग गहू, मैदा, रवा, जव कायमचे बंद. जुलाब काही आठवड्यांत थांबले तरी लव भरून यायला महिने, कधी वर्षे लागतात. म्हणून “एक घास खाऊ दे” नको! ज्वारी, बाजरी, तांदूळ खुशाल द्या; फक्त गव्हामागोमाग त्याच गिरणीत दळू नका. आणि हो, हिंगातही गव्हाचे पीठ असू शकते, डबीवर वाचून घ्या.